नैनितालचे कॉर्बेट: शिकाऱ्यामागचं पोस्ट, दुकान आणि बंगले कसे शोधायचे

जिम कॉर्बेट हे नाव मराठी वाचकाला कुमाऊँच्या नरभक्षकांमुळे ठाऊक असतं. नैनिताल आणि कॉर्बेट अभयारण्य अशी जोडसहल करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. पण कॉर्बेटांचं घर बंदुकीवर चालत नव्हतं. ते चाललं पोस्टातल्या नोकरीवर, उन्हाळ्यात येणाऱ्या साहेबलोकांना बंगले भाड्याने मिळवून देण्यावर, हार्डवेअरच्या दुकानावर, रेल्वेच्या हमाली-ठेक्यावर आणि तराईलगतच्या, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सखल पट्ट्याजवळच्या, शेतीवर. तलावाकाठी नव्याने वसलेल्या गावात एका कुटुंबाने दोन पिढ्यांत इतके धंदे उभे केले, आणि त्यांच्या खुणा आजही जागेवर आणि कागदावर सापडतात. त्या कशा शोधायच्या, कोणत्या क्रमाने शोधायच्या आणि माणसं कुठे फसतात, ते इथे लिहिलं आहे.

पहिली गोष्ट मनाशी पक्की करा: शोध माणसाच्या नावाने सुरू करू नका, बंगल्याच्या नावाने करा. थंड हवेच्या जुन्या गावांत घराला क्रमांक नसे, नाव असे. कर घराच्या नावावर, भाडेपट्टा घराच्या नावावर, पत्रावरचा पत्ताही घराच्या नावाचा. माणसं दर मोसमाला बदलत, घर तिथेच राही. ‘कॉर्बेट’ म्हणून शोधलंत तर वाघ आणि बिबटेच सापडतील. ‘गर्नी हाउस’ या त्यांच्या नैनितालच्या बंगल्याच्या नावाने शोधलंत तर धंदा दिसायला लागतो.

आधी काळ लावून घ्या

कागद उघडण्याआधी एका पानावर वर्षं लिहून ठेवा, कारण प्रत्येक वर्षागणिक कागद कोणत्या दप्तरात असेल ते बदलतं.

शाहजहानपूरचा साखर व्यापारी पी. बॅरन १८४१ मध्ये या तलावापाशी पोचला आणि त्यानंतर वस्ती सुरू झाली. सुरुवातीच्या बंगल्यांची बांधकामं मोतीराम शाह या ठेकेदाराकडे होती. गावाचा इतिहास वाचताना ही शाह मंडळी विसरू नका, कारण इंग्रजांच्या घरांमागे विटा, मजूर आणि पुष्कळदा पैसाही त्यांचा असे. १८४५ मध्ये नगरपालिका आली. १८६२ पासून नैनिताल ही वायव्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली, आणि त्याच वर्षी जिमचे वडील क्रिस्टोफर विल्यम कॉर्बेट इथे पोस्टमास्तर म्हणून आले. या दोन गोष्टी एका वर्षी घडल्या हे लक्षात ठेवा. सरकार डोंगरावर आलं की कारकून, वकील, अधिकारी, त्यांच्या बायका-मुलं सगळे वर येतात, आणि त्या सगळ्यांना छप्पर लागतं.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा. वडील १८७८ मध्ये निवृत्त झाले. १८ सप्टेंबर १८८० ला शेर-का-डांडा टेकडीची दरड कोसळून १५१ माणसं गेली. २१ एप्रिल १८८१ ला क्रिस्टोफर वारले आणि घराचा भार पत्नी मेरी जेन यांच्यावर पडला. १८८४ मध्ये रेल्वे काठगोदामपर्यंत आली. १९१५ मध्ये जिमने डोंगराखाली कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानीची जमीन घेतली, १९२४ मध्ये आई गेली आणि १९४७ च्या नोव्हेंबरात जिम आणि बहीण मॅगी भारत सोडून केनियाला गेले.

आता दप्तराची अडचण. नैनिताल हा स्वतंत्र जिल्हा १८९१ मध्ये झाला. त्याआधीचे कागद ‘कुमाऊँ’ या नावाखाली असतात. प्रांताचं नावही बदलत गेलं: आधी वायव्य प्रांत, १९०२ पासून आग्रा व अवधचा संयुक्त प्रांत, १९३७ पासून नुसता संयुक्त प्रांत, १९५० पासून उत्तर प्रदेश. २००० पासून हा भाग उत्तरांचलात गेला आणि पुढे राज्याचं नाव उत्तराखंड झालं. लखनौच्या अभिलेखागारात ‘उत्तराखंड, नैनिताल, १८८५’ असं विचारलंत तर काहीच हाती लागणार नाही. ‘वायव्य प्रांत आणि अवध, कुमाऊँ विभाग, म्युनिसिपल’ असं मागायला हवं. शोध फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कागद हरवलेला नसतो, तो जुन्या नावाखाली पडलेला असतो.

एका बंगल्याला एक पान

साधी वही पुरते, संगणकावरचा तक्ता असेल तर आणखी बरं. प्रत्येक घराला एक स्वतंत्र पान द्या आणि त्यात हे रकाने ठेवा: आजचं नाव, जुनी नावं, कोणत्या टेकडीवर, मालक, राहणारा, एजंट, भाडं, कर, पट्टा कधी सुरू झाला, माहिती कुठून मिळाली आणि कोणत्या तारखेची.

मालक, राहणारा आणि एजंट हे तीन रकाने कधीही एकत्र करू नका. हौशी अभ्यासकांच्या कामात चूक होते ती नेमकी इथे. डिरेक्टरीत एखाद्या बंगल्यासमोर कोणा कर्नलचं नाव दिसतं म्हणून तो मालक ठरत नाही. तो एका मोसमाचा भाडेकरू असू शकतो. उलट, एखाद्या जाहिरातीत ‘चौकशी कॉर्बेट यांच्याकडे’ असं असेल तर तो बंगला कॉर्बेटांचा आहे असंही होत नाही. मेरी जेन यांचं काम दुसऱ्यांच्या घरांचं होतं. स्वतःची घरं आणि सांभाळायला घेतलेली घरं वेगळी ठेवली नाहीत, तर त्या अर्ध्या गावाच्या मालकीण असल्याचं चित्र उभं राहील आणि ते खोटं असेल.

नावांच्या बाबतीत चार सापळे आहेत. बाईच्या नावाची नोंद बहुधा नवऱ्याच्या आद्याक्षरांनी होई, म्हणून ‘मेरी’ शोधण्याऐवजी ‘मिसेस सी. डब्ल्यू. कॉर्बेट’ शोधा, नवरा वारल्यानंतरही तीच आद्याक्षरं चालत. क्रिस्टोफर आणि मेरी जेन या दोघांचंही हे दुसरं लग्न होतं. मेरी जेन यांच्या पहिल्या लग्नाच्या मुलांचं आडनाव डॉयल, म्हणून डॉयल हे नाव दिसलं तरी ते पान सोडून देऊ नका. मॅगीचं नाव कागदावर ‘मिस एम. डब्ल्यू. कॉर्बेट’ असं येतं, कारण तिचं पूर्ण नाव मार्गारेट विनिफ्रेड. आणि जिम कागदावर ‘जिम’ नसतोच, तो ‘ई. जे. कॉर्बेट’ किंवा पुढे ‘मेजर कॉर्बेट’ असतो.

नकाशा जुळवताना तलावाच्या काठावर विश्वास ठेवू नका

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचा असेल तर निदान पाच-सहा पक्के बिंदू लागतात. नवखा माणूस साहजिकच तलावाचा काठ धरतो, कारण तो ठळक दिसतो. नैनितालात ते चालत नाही. १८८० च्या दरडीचा मलबा मल्लीतालच्या, म्हणजे तलावाच्या उत्तरेच्या, टोकाला पाण्यात येऊन पडला आणि आज ज्याला फ्लॅट्स म्हणतात ते मैदान मोठं झालं. त्याआधीच्या नकाशातला उत्तरेकडचा काठ आणि आजचा काठ एक नाही. शिवाय पाण्याची पातळी मोसमागणिक खालीवर होते. नैनादेवीचं मंदिरही बिंदू म्हणून धरू नका, कारण जुनं मंदिर त्या दरडीत गेलं आणि आजचं १८८३ मध्ये नव्या जागी उभं राहिलं.

धरायचं काय? तल्लीतालचं टोक, जिथून तलावाचं पाणी बाहेर पडतं. सेंट जॉन इन द वाइल्डरनेस हे चर्च, जे १८४० च्या दशकातलं आहे आणि दरडीतून वाचलं. टेकड्यांची शिखरं. १९०० नंतरचा नकाशा असेल तर सेंट जोसेफ कॉलेज आणि राजभवनही घ्या. बिंदू सगळे एका बाजूला नकोत. तलावाच्या दोन्ही अंगांना आणि दोन्ही टोकांना विखुरलेले हवेत, नाहीतर नकाशा एका कोपऱ्यात नेमका बसतो आणि दुसरीकडे शंभर-दोनशे मीटर सरकतो. डोंगरावर तेवढ्यात बंगला दुसऱ्याच्या अंगणात जातो.

नकाशा बसला की दरडीचा पट्टा रंगवा. व्हिक्टोरिया हॉटेल, बेल यांचं दुकान, असेंब्ली रूम्स हे सगळं त्या पट्ट्यात होतं. मग त्या पट्ट्याच्या समोरच्या, म्हणजे तलावाच्या नैऋत्येच्या अयारपाटा टेकडीकडे पाहा. शेर-का-डांडाचा दगड पाटीसारखा, थरांचा, पाणी मुरलं की घसरणारा. अयारपाट्याचा चुनखडीचा, त्या मानाने टणक. दरडीनंतर लोकांचा कल समोरच्या बाजूला गेला. शेर-का-डांडावरचं लाटसाहेबाचं घरही डोंगर सरकत असल्याने सोडावं लागलं आणि नवं घर तलावाच्या दुसऱ्या अंगाला, आजचं राजभवन आहे तिथे बांधलं गेलं. कॉर्बेटांचं गर्नी हाउस अयारपाट्यावर आहे आणि ते दरडीनंतरच्या या काळातलंच आहे. घरांचा धंदा करणाऱ्या बाईने स्वतःचं घर कुठे केलं, यातच बाजाराची नाडी कळते.

डिरेक्टरी कशी वाचायची

इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या थॅकर कंपनीची वार्षिक डिरेक्टरी निघे. आधी ती बंगालच्या नावाने होती, १८८५ पासून ‘इंडियन डिरेक्टरी’ झाली. गावागावांनुसार अधिकारी, रहिवासी, दुकानं यांची यादी तिच्यात असते. बरेच खंड स्कॅन होऊन मोफत वाचायला मिळतात.

सगळे खंड वाचत बसू नका. पाच-पाच वर्षांच्या अंतराने एक खंड घ्या: १८७०, १८७५, १८८०, असं १९४० पर्यंत. पंधरा खंडांत गावाचा आराखडा हाती येतो. जिथे एखादं नाव अचानक येतं किंवा गळतं, तिथेच मधली वर्षं उघडा. छापील वर्षातून एक वर्ष वजा करून वाचा. जानेवारीच्या सुमाराला बाहेर पडणाऱ्या पुस्तकाची माहिती आदल्या वर्षी गोळा झालेली असते. म्हणून १८८१ च्या खंडात मेलेली माणसं आणि पडलेली घरं जिवंत दिसली तर बिचकू नका.

‘पोस्ट ऑफिस’ खाली क्रिस्टोफर, त्यांच्यानंतर थोरला मुलगा टॉम, असा क्रम लागतो. हे पद पगारापुरतं नव्हतं, असं आमचं मत. गावात कोण येणार, कोण कुठे उतरणार, कोणाची बदली झाली, हे सगळ्यांत आधी पोस्टात कळतं. घर हवं असलेला माणूस आणि घर रिकामं असलेला माणूस, दोघांची पत्रं एकाच खिडकीतून जातात. घरातल्या बाईने बंगल्यांच्या भाड्याचं काम हाती घ्यायला याहून चांगली जागा गावात दुसरी नव्हती.

‘ट्रेड’ किंवा दुकानांच्या यादीत एफ. ई. जी. मॅथ्यूज अँड कंपनी शोधा. हार्डवेअर आणि घरांची एजन्सी असा या पेढीचा दुहेरी धंदा होता आणि ती पुढे जिम कॉर्बेटच्या ताब्यात आली. मालक बदलला तरी पेढीचं नाव तेच राहिलं. त्यामुळे ‘कॉर्बेट अँड कंपनी’ शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परततो.

एका बंगल्यातून किती वाटांनी पैसा येतो

हा भाग नीट समजून घ्या, कारण बाकीचे कागद याच्याच उजेडात वाचायचे आहेत.

मोसम एप्रिल ते ऑक्टोबर. त्यानंतर गाव ओस पडतं. कॉर्बेट कुटुंबही थंडीत खाली कालाढुंगीला जाई. बंगला सामानासकट भाड्याने जाई आणि भाडं महिन्याचं नसे, मोसमाचं असे. तुम्हाला एखाद्या कागदात समजा ९०० रुपये भाडं दिसलं, तर त्याला बाराने भागू नका. ते पूर्ण वर्षाचं उत्पन्न आहे आणि त्यातूनच हिवाळ्याची राखण, छपराची डागडुजी आणि पालिकेचा कर जायचा आहे.

मालक बहुतेक वेळा गावात नसे. तो लखनौला, अलाहाबादला, कधी विलायतेत. मग एजंट लागतो. एजंटाचं काम मार्चमध्ये सुरू होतं: कुलपं काढायची, घराला हवा द्यायची, गळती पाहायची, सामानाची यादी तपासायची. खुर्च्या, पलंग, चिमण्या, कपबशा, शेगडीच्या जाळ्या, सगळं मोजून भाडेकरूची सही घ्यायची. ऑक्टोबरात तीच यादी घेऊन परत मोजायचं आणि तुटल्या-फुटल्याचे पैसे कापायचे. अशी सामानाची यादी तुम्हाला कुठे मिळाली तर ती सोन्यासारखी जपा. तिच्यावरून खोल्या किती, माणसं किती आणि कोणत्या थरातली, हे सारं मांडता येतं.

आता हार्डवेअरचं दुकान याला कसं जोडलं जातं ते पाहा. नैनितालचा पाऊस जबर. पत्र्याचं छप्पर, खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कुलपं, काचा, रंग, पन्हाळी, पाण्याचे नळ हे दरवर्षी लागणार. एजंटाला कोणत्या घराचं काय मोडलंय ते ठाऊक, आणि माल त्याच्याच दुकानात. म्हणजे एकाच बंगल्यातून विक्रीची दलाली, भाड्याची दलाली, दुरुस्तीचा माल, आणि घर स्वतःचं असेल तर पूर्ण भाडं, अशा चार वाटांनी पैसा येतो. मॅथ्यूजच्या पेढीत हे दोन धंदे एकत्र असणं म्हणूनच इतकं सोयीचं होतं. धोकाही तिथेच आहे: मोसम बुडाला, सरकारी कचेऱ्या वर यायच्या थांबल्या किंवा दरड आली, की चारही वाटा एकदम आटतात. कुटुंबाने पैसा पुढे डोंगराखालच्या शेतीत आणि थेट आफ्रिकेतल्या मळ्यात घातला, त्याची संगती इथे लागते.

हिशेब वाचताना जुनी नाणी ध्यानात ठेवा. ‘१-७-६’ म्हणजे एक रुपया सात आणे सहा पै. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा. दशांशात करायचं तर आण्यांना १६ ने आणि पैंना १९२ ने भागून रुपयांत मिळवा. वरची रक्कम १.४७ रुपये होते. संगणकाच्या तक्त्यात १-७-६ तसंच टाकलं तर तो त्याची तारीख करून टाकतो, म्हणून रुपये, आणे, पै यांचे तीन रकाने वेगळे ठेवा.

पट्टा, कर आणि मृत्युपत्र

नैनितालातली पुष्कळशी जमीन नजूल, म्हणजे सरकारी मालकीची आणि पट्ट्याने दिलेली. महाबळेश्वर-पाचगणीत ज्यांनी बंगल्यांच्या भाडेपट्ट्याची भानगड पाहिली आहे त्यांना हे नवं नाही. पट्ट्याच्या नोंदीत घराचं नाव, क्षेत्र, सीमा आणि हस्तांतरं असतात. पालिकेच्या घरपट्टीच्या नोंदीत वार्षिक मूल्य असतं. दोन्ही मिळाल्या तर एकमेकींवर तपासा. क्षेत्र जुळलं आणि नाव जुळलं नाही, तर घराचं नाव बदललंय. नाव जुळलं आणि क्षेत्र जुळलं नाही, तर आवार तोडून विकलंय.

डोंगरातलं माप नाली आहे: ५० नाली म्हणजे एक हेक्टर, एका नालीच्या १६ मुठी. एकर म्हणजे वीस नालींपेक्षा किंचित जास्त. खाली डोंगरपायथ्याच्या भाबर पट्ट्यात बिघा सुरू होतो आणि बिघा गावोगाव बदलतो, त्यामुळे त्या नोंदीत एकर दिलेले असतील तर तेच धरा.

मालमत्तेचं सगळ्यांत भरवशाचं चित्र मृत्युपत्रात मिळतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन/१’ या खुणेखाली बंगाल इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं आहेत. ‘एल/एजी/३४’ खाली मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या आहेत. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश कुटुंबांच्या वंशावळी जमवणाऱ्या फिबिस या संस्थेच्या शोधयादीत नाव टाकून आधी खूण आणि पान मिळवा, मगच प्रतीची मागणी करा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ घरबसल्या पाहता येतं. लखनौला जाणार असाल तर ओळखपत्र, अर्ज आणि पेन्सिल न्या. दप्तराजवळ शाईचं पेन चालत नाही. आणि एका दिवसात दहा फाइली मागू नका. दोन मागा, त्यांतले संदर्भक्रमांक उतरवा, दुसऱ्या दिवशी त्या क्रमांकांच्या मागा. पुढची वाट मागची फाइलच दाखवते.

नैनितालची पायी फेरी

मे-जूनमध्ये जाऊ नका, गर्दीत काही दिसत नाही. जुलै ते सप्टेंबर रस्ते घसरतात. मार्च किंवा ऑक्टोबरचा शेवट उत्तम. झाडी विरळ असली की उतारावरची घरं खालून मोजता येतात.

सकाळी मॉल रोडवर उभं राहून समोरच्या अयारपाट्याचे फोटो घ्या. ती टेकडी ईशान्येकडे तोंड करून आहे, तिला सकाळचंच ऊन मिळतं. दुपारनंतर ती सावलीत जाते आणि घरं झाडीत बुडतात. शेर-का-डांडाचे फोटो उलट, दुपारी, तलावाच्या पलीकडून म्हणजे ठंडी सडकेवरून घ्या. दरडीचा उतार तिथून पूर्ण नजरेत येतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढताना पाण्याचा थोडा काठ चौकटीत ठेवा, म्हणजे नंतर जागा ओळखता येते.

सेंट जॉन चर्चमध्ये दरडीत गेलेल्यांच्या नावांची पाटी आहे. ती नावं तुमच्या १८८० च्या डिरेक्टरीच्या यादीशी ताडून पाहा. कोणतं घर, कोणतं दुकान त्या दिवशी रिकामं झालं ते कळतं. मॉल रोडवर तलावाला लागून दुर्गालाल साह नगरपालिका पुस्तकालय आहे, तिथे गावाची जुनी पुस्तकं चाळायला अर्धा दिवस ठेवा. मल्लीतालचं बँडस्टँड बघाच. पालिकेचा सभासद म्हणून कॉर्बेटने केलेल्या कामांत त्याचं नाव घेतलं जातं.

गर्नी हाउस १९४७ मध्ये विकलं गेलं आणि ते आज खासगी घर आहे. आगाऊ परवानगीशिवाय फाटक ढकलू नका, आतले फोटो विचारल्याशिवाय काढू नका. परवानगी नसेल तर रस्त्यावरून छपराची ठेवण आणि उतारावरची जागा एवढं टिपलं तरी पुष्कळ झालं.

कालाढुंगी आणि छोटी हल्द्वानी

नैनितालहून खाली उतरत तीसेक किलोमीटर. इथे नेहमी एक गल्लत होते: संग्रहालय आहे ते घर जिमचं, १९२२ च्या सुमाराचं. लहानपणी कुटुंब थंडीत राही ते घर वेगळं, त्याचं नाव अरुंडेल, आणि त्याचे नुसते अवशेष उरलेत. दोन्हींच्या पानांवर वेगळं लिहा.

छोटी हल्द्वानी २२१ एकरांची, म्हणजे साधारण ८९ हेक्टर. हिंडायला गावकऱ्यांनी वारसा-फेरी आखलेली आहे. स्थानिक वाटाड्या घ्याच, कारण भिंतीचे तुकडे शेतांतून जातात. ही भिंत १९२५ च्या सुमाराची, सव्वासात किलोमीटरच्या आसपास लांब आणि पाच-सहा फूट उंच. रानडुकरं आणि इतर जनावरं पिकात शिरू नयेत म्हणून जिमने स्वतःच्या पैशाने बांधून घेतली. भिंत पाहताना दगड कसे बसवलेत ते जवळून पाहा: कुठे मूळचे रचलेले आहेत, कुठे नंतर सिमेंटने भरलेत. नवी डागडुजी मूळ काम समजून मोजली तर लांबी फुगते. जिथे भिंत संपलेली दिसते तिथे पाया शोधा. पुष्कळदा वरचे दगड घरबांधणीला गेलेले असतात आणि खालची ओळ शाबूत असते.

जमिनीचे कागद पाहायचे तर खसरा म्हणजे गट-क्रमांकांची नोंद आणि खतौनी म्हणजे धारकांची नोंद, एवढं कळलं की आपल्या सातबाऱ्याची सवय असलेल्याला जड जात नाही. आजच्या नोंदी उत्तराखंडच्या ‘भूलेख’ संकेतस्थळावर दिसतात, पण त्यांत कॉर्बेट सापडणार नाही. देश सोडताना त्याने जमीन कुळांना दिली. आज ती त्यांच्या वारसांच्या नावावर आहे, आणि जिवंत माणसांच्या जमिनीचे तपशील तुमच्या लेखात छापायचे नाहीत.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ‘कॉर्बेट’ म्हणू नका, ‘कारपेट साहब’ म्हणा. तिथे नाव असंच चालतं. वाघाच्या गोष्टी विचारल्या तर ऐकीव गोष्टी मिळतील. त्याऐवजी विचारा: जमिनीचा खंड किती होता, पाणी कोणाच्या पाटाने यायचं, भिंतीला दगड कुठून आला, साहेबांच्या वेळी इथे काय पिकायचं. अशा प्रश्नांना लोक आठवून, खरं उत्तर देतात.

मोकामा आणि किलिमांजारो

रेल्वेचा भाग थोडक्यात. जिम तरुणपणी बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत लागला आणि पुढे वीसेक वर्षं बिहारातल्या मोकामा घाटावर गंगाकाठी मालाच्या चढ-उताराचा ठेका चालवला. ठेक्याची गरज रुळांच्या रुंदीमुळे होती: दक्षिणेचा मार्ग १,६७६ मिलिमीटरचा, उत्तरेचा १,००० मिलिमीटरचा, म्हणून प्रत्येक पोतं एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावं लागे. मालाचं वजन टनांत आणि मणांत दोन्ही येतं. बाजारी मण ३७.३२ किलोचा, इंग्रजी टनात २७ मणांहून थोडं जास्त. शोधताना कंपनीचं नाव १९४३ पासून अवध-तिरहुत रेल्वे आणि १९५२ पासून पूर्वोत्तर रेल्वे आहे हे विसरू नका. मुख्यालय गोरखपूरला आहे. घाटावर जाऊन फारसं दिसत नाही, कारण १९५९ मध्ये राजेंद्र सेतू झाला आणि ती सारी उठाठेवच संपली.

पूर्व आफ्रिकेचं पान शेवटी उघडा. कुमाऊँचे कमिशनर राहिलेले पर्सी विंडहॅम यांच्या भागीदारीत जिमचा टांगानिकात, किलिमांजारोच्या पायथ्याशी, किकाफू इथे कॉफीचा मळा होता. इथले कागद भारतात शोधू नका. आणि या पानावरही तोच नियम: मळ्याचं नाव आधी, माणसांची नंतर, आणि भागीदारांचे हिस्से कागदावर दिसेपर्यंत ‘कॉर्बेटचा मळा’ असं लिहायचं नाही.

काम झालं की बंगल्यांच्या पानांची एक प्रत मॉल रोडवरच्या त्या पुस्तकालयात आणि एक कालाढुंगीच्या संग्रहालयात द्या. प्रत्येक नोंदीपुढे ती कागदावरून घेतली, डोळ्यांनी पाहिली की कोणी सांगितली, हे एका अक्षराने लिहा: क, ड, स. ‘स’ असलेली नोंद पुढच्या माणसाने तपासायची आहे, हे त्याला न विचारता कळलं पाहिजे.